सोड्याशिवायचं वरण

लग्न ठरलं की लोक आधी मांडववाल्याला गाठतात, मग बँडवाल्याला. गिरणाकाठच्या पंचवीस-तीस गावांत मात्र बेबाबाईची तारीख मिळाल्याशिवाय कुणी लग्नाची तारीख नक्की करत नसे. भडगावच्या अलीकडे, खडकी नाला गिरणेला मिळतो तिथे सावरपिंप्री नावाचं गाव आहे. बेबाबाई तिथली. वय आता बासष्ट. उंचीला बेताची, आवाजाला चढी, आणि वरण-बट्टीच्या बाबतीत कुणाच्या बापाला न ऐकणारी.

वरण-बट्टी म्हणजे खानदेशात लग्नाची, भंडाऱ्याची, नवसाची पंगत. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे वाफवायचे, कापायचे, तळायचे आणि पानात कुस्करून त्यावर तुरीच्या डाळीचं दाट वरण ओतायचं. बट्टी कुणालाही जमते, हे बेबाबाईचं मत. वरणाला मात्र माणूस लागतं. पाचशे माणसांची डाळ एका कढईत शिजवायची आणि पाचशेव्या पानावरही तिचा दाणा दाताला लागू द्यायचा नाही, हे खायचं काम नाही. चाळीस वर्षांत तिच्या पंगतीतलं एकही पान भरलेलं परत आलं नव्हतं. हे ती स्वतः सांगायची, आणि दिवसातून किमान दोनदा सांगायची.

ही विद्या तिला सासूने दिली. भागाबाई नावाची ती सासू तोंडाने फटकळ आणि हाताने सोन्याची. लग्नाचं काम घेण्याआधी आठ दिवस भागाबाई त्या गावाला जाऊन यायची. पदराला मूठभर डाळ बांधलेली असायची. त्या घरचं पाणी घ्यायचं, तीन दगडांवर तपेली चढवायची आणि डाळ शिजेपर्यंत हलायचं नाही. डाळ लवकर फुटली तर पाणी गोड. दाणा आखडून बसला तर पाणी जड, मग यजमानाला सांगायचं की अमक्या झिऱ्यावरून बैलगाडीने पाणी आणा, नाहीतर दुसरी बाई बघा. लोक चेष्टा करायचे, की पाहुणे मुलगी बघायला जातात आणि ही सासू-सुनांची जोडी पाणी बघायला जाते. भागाबाई म्हणायची, मुलगी पुढे सुधारते तरी.

असं करत करत बेबाबाईच्या डोक्यात सगळ्या परिसराचं पाणी बसलं. कुठल्या गावची विहीर खडकातली, कुठे वाळूत हातभर खणलं की निवळशंख पाणी लागतं, कुठल्या बोअरच्या पाण्याने तपेलीला पांढरी पुटं धरतात, तिला विचारावं. इंजिनीअर लोक कागद काढतील तोवर हिने उत्तर देऊन चहा संपवलेला असे. शाळेत ती चौथीपर्यंत गेलेली. मला विचाराल तर अशा बाईला तालुक्याने बोलावून खुर्ची द्यायला हवी होती. पण तालुक्याला तिची आठवण यायची ती फक्त साहेबाच्या निरोप समारंभाला बट्ट्या हव्या असल्या की.

आपल्या गावचं पाणी तिला बघावं लागत नसे. सावरपिंप्रीची पाणीपुरवठ्याची विहीर नाल्याच्या तोंडाशी होती, आणि त्या पाण्यात डाळ बोलताबोलता शिजायची. नाल्याच्या दोन्ही अंगांना मारुती देवस्थानचं कुरण होतं, मैलभर लांब. गवत, पळस, बाभळी. पावसाचं पाणी त्या गवतातून गाळत गाळत नाल्यात यायचं. तेव्हा हे कुणी असं म्हणत नव्हतं. तेव्हा फक्त गुरं चरायची आणि पोरं बोरं खायची.

मग पंधरा-सोळा वर्षांत सगळं पालटलं. एका बाजूचं कुरण नांगरलं गेलं, अगदी नाल्याच्या काठापर्यंत, आणि तिथे केळी उभी राहिली. ठिबकमधून युरिया, ठिबकमधून पोटॅश. केळीला जेवढं लागतं त्याहून वरचढच, कारण शेजाऱ्यापेक्षा घड लहान पडला तर काय तोंड दाखवायचं? वरच्या अंगाला शेत बिनशेती होऊन प्लॉट पडले, घरं झाली, घरांचे शोषखड्डे झाले. कोंबड्यांच्या दोन शेडही आल्या. सगळ्यांचा उतार एकच, तो नाल्याकडे. गाव सुधारलं, हे खोटं नाही. घरांवर स्लॅब आले, मुली कॉलेजात गेल्या. फक्त नाल्याला हिरवी साय धरू लागली, आणि बेबाबाईची डाळ शिजेना.

पहिल्यांदा हे झालं ते गावातल्याच एका लग्नात, नऊ वर्षांपूर्वी. पहाटे चढवलेली डाळ ऊन डोक्यावर आलं तरी टणक. नवरदेव पारावर येऊन बसलेला. बेबाबाईने वाण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, डाळ जुनी दिली म्हणून. पुढच्या कामाला तिने वाणी बदलला. मग कढई बदलली. मग तुरीची जात बदलली, सरपण बदललं. बदललं नाही ते फक्त पाणी. आपल्या गावचं पाणी बिघडेल हे तिच्या मनाला शिवलंच नाही. परगावच्या पाण्यावर डोळ्यांत तेल घालून पाहणारी बाई घरच्या पाण्यापाशी आंधळी झाली.

त्या लग्नाच्या दिवशी मात्र विचाराला वेळ नव्हता. भज्यांसाठी आणलेल्या सोड्याची पुडी समोर होती. तिने चिमूटभर सोडा डाळीत टाकला, झाकण ठेवलं आणि कुणी बघितलं नाही ना, ते बघितलं. पाऊण तासात डाळ लोण्यासारखी झाली. पंगत उठली ती बोटं चाटत.

पुढे चिमटीचा अर्धा चमचा झाला, चमचा झाला, लग्न मोठं असलं तर वाटी झाली. हे माहीत होतं फक्त तिची सून नूतनला, कारण डबी नूतनच्या पिशवीत असे. आणि सोडा हाताशी आल्यावर बेबाबाईने पाणी बघायला जाणं सोडून दिलं. कशाला जायचं? आता कुठलंही पाणी चालत होतं. लोकही खूश. बेबाअक्का आता नखरे करत नाही, म्हणायचे.

या वर्षी सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ज्योत्स्ना उभी राहिली. ही शिरपूरची लेक, सावरपिंप्रीत सून म्हणून आलेली, पाणी तपासायचं प्रशिक्षण घेतलेली. ग्रामपंचायतीने तिला एक पेटी दिली होती. तिने सगळ्यांसमोर काचेच्या नळीत विहिरीचं पाणी घेतलं, त्यात पूड टाकली, आणि पाणी गुलाबी झालं. गडद गुलाबी.

"यात नायट्रेट आहे, मर्यादेच्या दुप्पट," ती म्हणाली. "खतातून येतं, शेणखड्ड्यातून येतं, शोषखड्ड्यातून येतं. तान्ह्या बाळांना हे फार वाईट. उरलेलं कुरण तरी राहू द्या. नाल्याकाठी गवत आणि झाडं असली की बरंच तिथेच अडतं. तेही मोडलं तर विहीर कायमची जाईल."

उरलेलं कुरण म्हणजे नाल्याच्या दुसऱ्या अंगाची बारा एकर. देवस्थानने तीही शेतीला आणि शेडांना कराराने द्यावी, असा ठराव त्याच सभेत यायचा होता. अर्ज करणाऱ्यांत बेबाबाईचा मुलगा योगराजही होता. तो मोटारी रिवाइंड करायचा, दिवसभर तांब्याच्या तारेत मान घालून. त्याला कोंबड्यांची शेड टाकायची होती. दोन वर्षं तो त्याच एका स्वप्नावर जगत होता.

धनसिंग नाना उठले. नाल्याकाठी सगळ्यांत जास्त केळी त्यांची. माणूस दुष्ट नाही, पण आपला आवाज म्हणजेच गावाचा आवाज, असं त्यांना मनापासून वाटतं.

"पोरी, तुन्ही नळी गावमा काल उनी," ते म्हणाले. "पानी खराब ऱ्हातं, तं अक्कानी डाय शिजनी ऱ्हाती का? मन्हा नातूना लगीनमा बठ्ठासनी वरन खादं. लोनी व्हतं, लोनी!"

सभा हसली. माणसं मागे वळून बायकांत बसलेल्या बेबाबाईकडे बघू लागली. कुणीतरी टाळीही वाजवली. खरं तर गावाचं काही चुकलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या इथे डाळ शिजते ते पाणी चांगलं, हीच परीक्षा होती, आणि परीक्षा घेणारी बाई समोर बसलेली होती. घरोघरी कुकर आल्यापासून उघड्या कढईत डाळ शिजवणारी तीच उरली होती. बेबाबाईने पदर सावरला आणि ती खाली बघत राहिली. ज्योत्स्नाची पेटी बंद झाली. तरी दोन-चार जणांनी कुरकुर केली म्हणून ठराव एक मेच्या सभेवर ढकलला गेला.

घरी आल्यावर योगराज हसत म्हणाला, "माय, तुन्ही डायनी काम करं." ती ताट बाजूला सारून उठली.

घरात तीन महिन्यांची नात होती. नूतनला दूध पुरत नसे, म्हणून डब्याची पूड पाण्यात मिसळून पाजायचे. ते पाणी बेबाबाई स्वतः उकळायची. एकदा नाही, दोनदा. आगीवर ठेवलं की सगळं शुद्ध होतं, यावर तिचा जन्माचा विश्वास होता. गावात आरओचं यंत्र बसवलं होतं खरं, पण आठ महिन्यांत ते बंद पडलं आणि त्या खोलीत आता कापसाची पोती आहेत.

आठवड्याने ज्योत्स्ना घरी आली. सभेत तोंडघशी पडूनही ती रागावलेली नव्हती; तान्हं बाळ असलेल्या घरांची यादी घेऊन ती दारोदार फिरत होती. चुलीवरचं पातेलं बघून ती थांबली.

"अक्का, हे उकळून जात नाही. पाणी आटतं, ते मागे राहतं. जितकं उकळाल तितकं दाट होतं."

"उकायं तरी जात नही?" बेबाबाईने दोनदा विचारलं.

"नाही जात."

बेबाबाईने पातेलं खाली उतरवलं. तीन महिने ती नातीसाठी, प्रेमाने, काळजीने, ते पाणी आटवत होती. मग तिने दार लोटून घेतलं आणि ज्योत्स्नाला सोड्याचं सगळं सांगितलं. ज्योत्स्नाने सगळं ऐकून घेतलं. मग तिने समजावलं, की डाळ आखडते ती पाण्याच्या जडपणाने, नायट्रेट ही वेगळी गोष्ट, पण इथे दोन्ही एकाच वाटेने आलेत, त्या नांगरलेल्या काठावरून. "म्हणजे तुमची डाळ खरंच सांगत होती, अक्का. नऊ वर्षं आधी सांगत होती."

ज्योत्स्ना सहज बोलून गेली. बेबाबाईच्या काळजात ते रुतून बसलं.

त्या दिवसापासून नातीचं पाणी ज्योत्स्ना भडगावहून येणाऱ्या नातेवाइकांकडून बाटल्यांनी मागवून देई, कधी मिळे, कधी नाही. बेबाबाई मात्र एकदा एकटीच नाल्याने वर चालत गेली, पार प्लॉटांपर्यंत. गुडघे दुखत होते तरी गेली. केळीच्या बाजूचा काठ उघडा, माती ओघळून नाल्यात आलेली, पाण्याला उग्र वास. कुरणाच्या बाजूला गवत कमरेइतकं आणि काठ शाबूत. दोन काठांच्या मधे उभी राहून ती रडली. आपलं नाव राखायला आपण काय झाकून ठेवलं, हे तिला पहिल्यांदाच दिसलं.

सांगायला हवं, हे पक्कं होतं. पण कसं? नुसतं बोलून? बोललेलं गाव एका कानाने ऐकतं. ज्योत्स्नाचं काय झालं ते तिने बघितलं होतं. शिवाय बोलली की संपलं. चाळीस वर्षांचं नाव, पंचवीस-तीस गावांची लग्नं, सगळं एका वाक्यात जाणार. आणि योगराजची शेडही जाणार. नूतनला ती एवढंच म्हणाली, की भंडारा होऊ दे.

मारुतीचा भंडारा आणि ग्रामसभा सरपंचांनी एकाच दिवशी ठेवली होती, एक मेला. नुसत्या सभेला कोरम भरत नाही, हे त्यांना अनुभवाने कळलेलं. आधी जेवण, मग ठराव. वरण-बट्टी अर्थातच बेबाबाईची.

सकाळी देवळामागे चुलाणं पेटली. विहिरीचं पाणी कढईत पडलं, हळद पडली, डाळ पडली. दोन तासांनी नूतनने सवयीने पिशवीतून डबी काढून पुढे केली.

"ऱ्हाऊ दे," बेबाबाई म्हणाली.

"आत्या, शिजणार नाही."

"म्हाईत शे माले."

नूतन तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने डबी परत पिशवीत टाकली आणि ती मुकाट्याने बट्ट्या कापायला बसली. त्या मुकाट्याने बसण्याला काय लागतं ते सुनांनाच विचारा. नवऱ्याचं स्वप्न त्या कढईत बुडताना ती बघत होती.

पहिली पंगत बसली. बट्ट्या सोनेरी, वास घमघमीत, वरणावर तूप. लोकांनी कुस्करलं, कालवलं आणि पहिला घास घेतला. दाताखाली दाणे कचकच वाजत होते. कुणी हळूच थुंकलं. कुणी शेजाऱ्याकडे बघितलं. अक्काच्या वरणाला नाव ठेवायची कुणाची छाती होईना, आणि गिळवतही नव्हतं.

शेवटी धनसिंग नानांनीच विचारलं, "अक्का, आज डाय काबर शिजनी नही?"

बेबाबाईने पळी कढईत ठेवली, पदराला हात पुसले आणि ती पंगतीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"नाना, डाय वानीनी वाईट नही. मन्हा हातबी वाईट नही. आपला पानीमा डाय नऊ वरीसफाईन शिजत नही. नऊ वरीस मी सोडा टाका. तुमना नातूना लगीनमाबी टाका. पानीनं खोटं मी झाकं. आज झाकं नही." तिने कढईकडे हात केला. "माले बोलावा नका बोलावू, पन हाई पानी लेकरंसले नका पाजू. ती पोर खरं सांगी ऱ्हायनी व्हती."

एकेक माणूस उठला. पानं भरलेली राहिली, दीडशे-दोनशे पानं, बट्टीसकट, वरणासकट. बेबाबाई तिथेच उभी राहून ती पानं बघत होती. स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने असं सगळ्या गावापुढे वाढणारी बाई मी तरी दुसरी ऐकलेली नाही. पदव्या घेतलेली माणसं एक आकडा चुकला तर तो लपवायला दहा आकडे लिहितात.

दुपारी सभा झाली. कोरम भरला. कुरण न मोडण्याच्या बाजूने आधी बायकांचे हात वर गेले, मग काही पुरुषांचे. धनसिंग नाना मान खाली घालून बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनीही हात वर केला, फार उंच नाही. आपल्या केळीचा काठ मागे घेण्याबद्दल मात्र ते अवाक्षर बोलले नाहीत, आणि अजून बोललेले नाहीत. योगराजचा हात वर गेलाच नाही. तो सभा संपायच्या आत उठून गेला.

तीन दिवस तो आईशी बोलला नाही. त्या तीन दिवसांत दोन लग्नवाल्यांचे निरोप आले, की अक्का, या खेपेला आम्ही भडगावचा केटरर सांगितलाय. बेबाबाई बरं म्हणाली. तिसऱ्या दिवशी भडगावच्या बाटल्याही संपल्या.

चौथ्या दिवशी सकाळी ती अंगणात आली, तर योगराज मोटरसायकलला दोन मोठे कॅन बांधत होता. तारेने, घट्ट, पीळ देऊन, मोटारी बांधतो तसे. त्याने वर बघितलं नाही.

"पोरना दूधले कोनता गावनं पानी बरं शे?" त्याने विचारलं. "तुले तं बठ्ठं म्हाईत शे."

बेबाबाई बोलायला गेली आणि थांबली. गावांची नावं ओठावर आली होती. पण ती नावं नऊ वर्षांपूर्वीची होती. त्या गावांनाही काठ होते, आणि त्या काठांवरही केळी आली असणार, प्लॉट पडले असणार. सोड्याने सगळीकडची डाळ सारखीच शिजवली होती.

"नही रे," ती म्हणाली. "आते माले म्हाईत नही. नऊ वरीस मी दखंच नही."

योगराजने तार सोडून तिच्याकडे बघितलं. असं वाक्य त्याने आईच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. मग त्याने एक कॅन सोडून दुसऱ्या बाजूला सरकवला आणि मागच्या सीटवर जागा केली. बेबाबाईने नूतनला हाक मारून सांगितलं की ज्योत्स्नाची पेटी घेऊन गावोगावचं पाणी बघायला जातो, यायला उशीर होईल, नऊवारीचा काष्टा आवळला, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती गाडीवर बसली.